माशीचा गळ : तीर्थन नदीकाठचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

मासे धरण्याचे आपल्याकडचे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. पाग फेकणारा भोई, ओढ्याला बांध घालून पाणी उपसणारी पोरे, आणि घाटाच्या पायरीवर गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसलेला एखादा सेवानिवृत्त गृहस्थ. या शेवटच्या गृहस्थाविषयी आपल्या मनात थोडा उपहासच असतो. ‘गळ टाकून बसणे’ हा वाक्प्रचार आपण आळशी किंवा मतलबी माणसासाठी राखून ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

प्रस्तुत लेखात ज्या पद्धतीची माहिती द्यावयाची आहे, तीत बसणे नाही आणि खरे आमिषही नाही. गळाला लावलेली माशी असते ती खोटी : कोंबड्याच्या मानेचे पीस, सशाची लव, मोरपिसाचा तंतू आणि रेशमाचा दोरा यांची बांधलेली. इंग्रजांनी या प्रकाराला फ्लाय फिशिंग असे नाव दिले. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. मी येथे ‘माशीचा गळ’ म्हणणार आहे. मासा पोहतो आणि माशी उडते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ‘माशाला’ आणि ‘माशीला’ यांत केवळ काना आणि वेलांटी एवढाच फरक असल्याने मुद्रितशोधकांनाही माझी हीच विनंती आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो मामांमुळे. ते स्थापत्य अभियंता असून जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांवर काम करतात. हिमाचल प्रदेशात मंडीला त्यांची बदली झाली, आणि सप्टेंबरअखेर मी त्यांच्याकडे गेलो. मंडीहून कुल्लूकडे जाताना औट येथे मोठा बोगदा लागतो. तेथून फुटणारा रस्ता लारजीवरून बंजार गावाकडे जातो. लारजीला सैंज आणि तीर्थन या दोन नद्यांचे पाणी बियासला मिळते. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला त्या संगमाचे कुतूहल होते. मामांना तेथील धरणाचे. दोन नद्या, दोन शेजारची खोरी. पण एकीच्या खोऱ्यात बोगदे, वीजगृहे, धरणे, आणि दुसरीच्या अंगाला कोणी हात लावलेला नाही. “का?” असे मी विचारले, तेव्हा मामा हसून म्हणाले, “एका माशामुळे. तोही इथला नव्हे, विलायती.” हे उत्तर मला इतके विचित्र वाटले, की मी पुढचे दहा दिवस तीर्थनच्या काठी गुशैणी नावाच्या गावात काढले.

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, तीर्थ नावाच्या जागी उगम पावते. उद्यानाचे क्षेत्र ७५४ चौरस किलोमीटर असून २०१४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. उगमापासून नदी हिमनद्यांची आणि बर्फाची ओल घेऊन जंगलातून उतरते. वर खरसू आणि मोहरू हे ओक, राई, मग देवदार आणि कैल. खाली काठाला अक्रोड व रानचेस्टनट. गुशैणीला फलाचन नावाचा ओढा तीर्थनला मिळतो. येथे उंची सुमारे १५०० मीटर. नदी रुंद नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ओढ्याएवढीच. परंतु घरांएवढ्या शिळांमधून ती ज्या आवाजाने जाते, त्या आवाजात काठावरच्या दोन माणसांना एकमेकांशी मोठ्यानेच बोलावे लागते.

ज्यांच्या घरी मी राहिलो ते गृहस्थ हंगामात परवानाधारक शिकाऱ्यांबरोबर वाटाड्या म्हणून जात. आम्ही त्यांना चाचाजी म्हणत असू. पहिल्या दिवशी मला वाटले, की आता काठी हाती मिळणार. मिळाले ते एक जुने पांढरे फडके. चाचाजींनी गुडघाभर पाण्यात उभे राहून एक दगड उचलला, उलटा केला आणि तो माझ्यासमोर धरला. “पहले ये पढ़ो,” ते म्हणाले.

दगडाच्या खालच्या बाजूला वस्ती होती. चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे, बोटाच्या पेराएवढे किडे दगडाला चिकटून सरकत होते. ही मेफ्लाय या कीटकाची पिले, ज्यांना अर्भके म्हणावे. दोन शेपट्यांचे, जरा दांडगे, ते स्टोनफ्लायचे. आणि वाळूचे कण व काटक्यांचे तुकडे एकमेकांस चिकटवून केलेल्या नळीत राहणारे ते कॅडिसचे. हे तिन्ही कीटक आयुष्याचा बहुतेक भाग पाण्याखाली, दगडांच्या आडोशाला घालवतात; काही जाती वर्ष, काही त्याहूनही अधिक. मग एके दिवशी मेफ्लायचे अर्भक पृष्ठभागावर येते, कात टाकते, आणि त्यातून पंखांचा कीटक बाहेर पडतो. तो काठच्या झाडीत जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटक जगात हाच एक. त्यानंतर त्याला खाणेपिणे नाही. समागम, पाण्यावर अंडी घालणे आणि मृत्यू, एवढाच कार्यक्रम उरतो, आणि तो बहुधा एकदोन दिवसांत आटोपतो.

माशीच्या गळाचे सारे शास्त्र या एका कातीवर उभे आहे. अर्भक दगड सोडून वर येत असते तेव्हा, कात टाकताना पृष्ठभागावर तरंगते तेव्हा, आणि अंडी घालून पंख पसरून मरते तेव्हा, असे तीन वेळा ते ट्राउटच्या तोंडाशी येते. खोटी माशी बांधणारा या तीन अवस्थांची नक्कल करतो. म्हणून तरंगणारी कोरडी माशी वेगळी, पाण्याखालची ओली माशी वेगळी आणि अर्भकाची नक्कल वेगळी. नदीवर कोणत्या घटकेस कोणता कीटक उठतो आहे, हे ज्याला कळत नाही त्याच्या पेटीत पन्नास माश्या असल्या तरी उपयोग नाही.

आता जंगलाचा संबंध पाहू. वर्गात आपण वने आणि पर्जन्य, वने आणि मृदासंधारण असे मुद्दे पाठ करतो. तीर्थनकाठी हा संबंध मला एका सडक्या पानात दिसला. अशा अरुंद, सावलीच्या नदीत शेवाळ फारसे वाढत नाही, कारण ऊन पोहोचत नाही. मग अन्न येते कोठून? काठच्या झाडांची पाने पाण्यात पडतात, दगडांच्या सांदीत अडकतात, त्यांवर बुरशी वाढते, आणि ती मऊ झालेली पाने कॅडिस व स्टोनफ्लायच्या काही जाती कुरतडून खातात. त्या कीटकांना ट्राउट खातो. म्हणजे माशाच्या अंगावरचे मांस हे एका अर्थाने ओकच्या आणि अक्रोडाच्या पानांचेच मांस होय. शिवाय झाडांवरच्या मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, ते निराळेच. आणि मुळांनी धरलेला काठ ढासळत नाही, म्हणून तळाच्या वाळूखड्यांत गाळ बसत नाही. हा शेवटचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे.

कारण ट्राउटची मादी आपली अंडी खड्यांत घालते. शेपटीने तळाची रेती उडवून ती खळगा करते, अंडी घालते, नर त्यांवर रेत सोडतो, आणि मादी पुन्हा खडे ओढून खळगा झाकते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंडी फुटण्यास सुमारे दीड महिना लागतो. ५ अंशांवर जवळजवळ दुप्पट. एवढा काळ खड्यांच्या फटींतून थंड, प्राणवायूयुक्त पाणी वाहत राहिले पाहिजे. वर रस्त्याचे काम निघाले, डबर नदीत ढकलले आणि गाळाचा थर फटींत बसला, की अंडी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला नदी जशीच्या तशी दिसते. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, ती या विणीच्या काळासाठी.

ट्राउटला थंडी लागते म्हणण्यापेक्षा प्राणवायू लागतो, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंशांचे पाणी लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, तर २५ अंशांचे सुमारे ८. पाणी २० अंशांच्या वर गेले की तपकिरी ट्राउट अस्वस्थ होतो, आणि २५ च्या आसपास तो मरतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत हा मासा का नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. कीटक मात्र आपल्याकडेही आहेत. महाविद्यालयाच्या कोणत्याही सहलीत, गावांच्या वर, स्वच्छ ओढ्यात दगड उलटून पाहावा. मेफ्लायची अर्भके भेटतील. गावाच्या खाली, सांडपाणी मिळाल्यावर, तेच दगड उलटावेत. तेथे बहुधा लाल अळ्याच सापडतात. या प्रयोगास प्रयोगशाळा लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मला काठी मिळाली. रीतसर परवाना काढला होता. मी उत्साहाने एका डोहाकडे धावलो, आणि डोहातील तीन काळ्या सावल्या क्षणात नाहीशा झाल्या. चाचाजी मागून सावकाश आले. “परछाईं मत पड़ने दो,” एवढेच म्हणाले आणि विडी ओढत बसले. तो डोह त्या सकाळपुरता संपला होता.

मासा आपल्याला कसा पाहतो, हे नंतर मी कागदावर आकृती काढून समजावून घेतले. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशाचे वक्रीभवन शिकविले जाते. त्याचा असा उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दिसते. त्या शंकूने पृष्ठभागावर एक गोल खिडकी तयार होते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, तळाचे प्रतिबिंब दाखविणारा. खिडकीचा व्यास खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो. म्हणजे २ फूट खोल असलेल्या माशाची खिडकी ४।। फुटांची, आणि ४ फुटांवरच्या माशाची ९ फुटांची. जितका मासा वर, तितकी खिडकी लहान. म्हणून पृष्ठभागाजवळ कीटक टिपणाऱ्या ट्राउटपुढे माशी अगदी नेमकी टाकावी लागते, फूटभर बाजूला पडली तर ती त्याच्या जगातच नसते.

खिडकीच्या कडेला क्षितिजालगतच्या गोष्टी दाबून चपट्या झालेल्या असतात. पाण्याच्या सपाटीपासून १० अंशांच्या खाली जे असेल ते माशाला जवळपास दिसत नाही. हिशेब केला तर ३० फुटांवर ही मर्यादा सुमारे ५ फूट उंचीला येते. म्हणजे तेवढ्या अंतरावर वाकून किंवा गुडघ्यावर राहिलेला माणूस सुरक्षित, आणि ताठ उभा राहिलेला माणूस मुंडक्यापुरता उघडा. शिवाय ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, आणि त्याच्या बरोबर मागे थोडा भाग त्याला दिसत नाही. तेव्हा खालून, प्रवाहाच्या उलट दिशेने, वाकून, सावली मागे ठेवून जावे. चाचाजींनी यांतले एकही गणित केलेले नव्हते. पण पन्नाशी उलटलेला तो माणूस डोहाजवळ आला की आपोआप गुडघ्यांत वाकत असे.

फेकण्याच्या क्रियेविषयी थोडे सांगणे जरूर आहे. आपल्या साध्या गळात शिसे किंवा खडा बांधतात. वजन पुढे उडते आणि दोरी त्याच्या मागे जाते. खोट्या माशीचे वजन एक गुंजही भरत नाही. ती फेकता येणे शक्यच नाही. म्हणून येथे वजन दोरीतच असते. साधारण वापराच्या दोरीचा पहिला ३० फुटांचा भाग सुमारे ९ ग्रॅम भरतो, आणि आठनऊ फुटांच्या लवचीक काठीने ती दोरीच हवेत मागे-पुढे उलगडावयाची. दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला माशी. मागे नेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते. हे थांबणे मला जमेना. मी घाई करी, दोरी मागच्या कैलाच्या फांदीत अडके, आणि माशी तेथेच राही. पहिल्या दोन दिवसांत मी झाडांवरच अधिक मासेमारी केली.

परंतु फेकणे हे अर्धेच काम. माशी पाण्यावर पडल्यानंतर जे होते ते खरे अवघड. नदी एकाच वेगाने वाहत नसते. मध्ये खळाळ, कडेला संथ, शिळेमागे उलटा भोवरा. दोरी जलद धारेवर पडली आणि माशी संथ पाण्यावर, तर दोरी पुढे धावते आणि माशीला ओढते. पाण्यावर लहानशी रेघ उमटते. खरा कीटक प्रवाहाच्या वेगानेच वाहतो, त्यामुळे ही रेघ दिसताच मासा पाठ फिरवितो. माशीच्या रंगात थोडी चूक झाली तर तो क्षमा करतो, ओढ मात्र तो खपवून घेत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोरी पडताक्षणी काठीच्या टोकाने तिला प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून ठेवणे, जेणेकरून माशीला दोनचार हात मोकळेपणी वाहता येईल. तेवढ्या दोनचार हातांसाठी नदीच्या प्रत्येक धारेचा वेग वाचावा लागतो. नदीच्या प्रवाहाचा अभ्यास मी प्रात्यक्षिक वहीत पुष्कळ लिहिला होता; त्यातला किती मला कळला होता हे येथे कळले.

या विद्येचा इतिहास जुना आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० च्या सुमारास क्लॉडियस एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधून मासे धरतात, असे नमूद केले. खरी माशी का वापरत नाहीत, याचे त्याने दिलेले कारण मला फार आवडले : माणसाच्या हाताचा स्पर्श होताच तिचा रंग उडतो आणि मासा तिला तोंड लावीत नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात बारा माश्यांची वर्णने आहेत. आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. पण त्यात माशीच्या गळाचा मार्मिक भाग आला तो १६७६ साली, चार्ल्स कॉटनने भर घातल्यावर. पुढे व्हिक्टोरियन काळात फ्रेडरिक हॅलफर्ड याने कोरड्या माशीलाच काय ती प्रतिष्ठा आहे असा पंथ उभा केला (त्याचा ग्रंथ १८८६ चा), आणि जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० साली पुस्तक लिहून दाखवून दिले, की ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच जेवतो. या वादाने इंग्रज सद्‌गृहस्थ एकमेकांशी बोलेनासे झाले, असे म्हणतात. आपल्याकडे द्वैत-अद्वैतावर वाद होत. त्यांच्याकडे ओल्या-कोरड्यावर झाला.

मात्र गळाचा छंद ही विलायतेची मक्तेदारी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पद्यांमुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेच होरा पहाडी ओढ्यांतल्या माशांचे थोर अभ्यासक. हिमालयातील आणि सह्याद्रीतील खळाळत्या पाण्याचे काही मासे इतके सारखे कसे, या प्रश्नावर त्यांनी सातपुड्याच्या मार्गे ते दक्षिणेत आले असावेत, हा प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. पुढे त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. पण आपल्या घाटातला ओढा आणि कुल्लूतली नदी यांचा एकत्र विचार करण्याची सवय त्यांनी लावली, हे खरे.

आता मामांच्या त्या ‘विलायती’ माशाकडे वळू. भारतात ट्राउट मूळचा नाहीच. तपकिरी ट्राउट युरोपचा, इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात फ्रान्सिस डे याने निलगिरीत तो आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी १८९९ साली जहाजाने पाठविलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा व्यवसाय करणाऱ्या एफ. जे. मिचेल याने ती वाढविली. कुल्लूत हे काम जी. सी. एल. हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९ च्या सुमारास कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र काढून सुरू केले. हेतू उघड होता. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या साहेबाला सुट्टीच्या दिवशी घरच्यासारखी नदी हवी होती.

त्या पाण्यात त्यापूर्वी कोणीच राहत नव्हते काय? राहत होते. हिमालयाच्या नद्यांचा स्वतःचा मासा म्हणजे असेला. कुल्लूकडे त्याला गुगली म्हणतात. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते, आणि त्या तोंडाने तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. तो कोणाच्या वाटेला जात नाही. ट्राउट मात्र मांसाहारी. मोठा झाला की दुसऱ्या माशांची पिलेही गट्ट करतो. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी केली आहे. तीत तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट आहेत. आणि त्याच संघटनेने असेल्याला संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत घातले आहे. परके मासे, धरणे आणि बेसुमार मासेमारी ही त्याची कारणे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग या ट्राउटला हाकलून द्यावे. मीही तसेच म्हणालो. पण याच माशामुळे तीर्थन वाचली, ही दुसरी गोष्ट तितकीच खरी आहे. या शतकाच्या आरंभी तीर्थन खोऱ्यातही लहान जलविद्युत प्रकल्प मंजूर होऊ लागले. अशा प्रकल्पात मोठे धरण नसते. नदीचे पाणी वर अडवून बोगद्यात घालतात आणि काही किलोमीटर खाली वीजगृहात सोडतात. मधली नदी कोरडी. टंचाईच्या काळात किमान १५ टक्के पाणी सोडावे, असा हिमाचलचा नियम आहे. पण पंधरा टक्क्यांत नदी होत नाही, ओल होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांच्या पुढाकाराने खोऱ्यातील लोक उच्च न्यायालयात गेले. ट्राउट, त्यावर चालणारा पर्यटनाचा धंदा, उद्यानाचे शेजारपण, घराट म्हणजे पाणचक्क्या, शेतीचे पाट, असे मुद्दे पुढे आले, आणि तीर्थन प्रकल्पांतून वगळली गेली. त्याच उद्यानाच्या दुसऱ्या बाजूस सैंज खोऱ्यात मात्र उलट घडले. १९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा पार्वती प्रकल्पासाठी सुमारे १० चौरस किलोमीटरचा तुकडा हद्दीतून वगळण्यात आला. 

हा प्रश्न मी मामांशी रात्री जेवताना पुष्कळ वेळा काढला. त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. ते म्हणतात, “तुझ्या खोलीतला दिवा कशावर जळतो? कोळसा जाळलेला चालतो, आणि पाण्याने चार किलोमीटर बोगद्यातून जाऊन काम केले तर चालत नाही?” चाचाजींचे म्हणणे याहून साधे. त्यांच्या दोन मुलांपैकी एक सैंजच्या बाजूला बांधकामावर मजुरीस होता. काम संपले, मजुरी संपली. दुसरा गुशैणीत पाहुण्यांना ठेवतो आणि नदीवर नेतो. नदी आहे तोवर ते काम आहे.

माझे स्वतःचे मत असे झाले आहे, की ट्राउट जेथे शंभर वर्षे आहे तेथे राहू द्यावा, पण वरच्या अंगाच्या, उद्यानातल्या ओढ्यांत त्याची पिले सोडू नयेत, आणि गुगलीच्या विणीसाठी काही ओढे राखावेत. राखणे आपल्याला नवीन नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत देवीचे म्हणून मासे राखलेले आहेत, ते महसीर जातीचे. लोणावळ्याला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महसीरची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिले वाढविण्याचे काम केले, तेही आपल्याकडचेच. ट्राउटसाठी उबवणी केंद्रे निघाली शंभर वर्षांपूर्वी. गुगलीसाठी तेवढी आस्था कोणी दाखविलेली मला तरी दिसली नाही. न्यायालयात तिच्या नावाने नदी वाचली असती का, या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला आवडत नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी, फलाचनच्या संगमाच्या थोडे खाली, माझी अर्भकाची माशी एका शिळेमागच्या भोवऱ्यात गेली आणि दोरी थबकली. मी काठी उचलली. अंगात वीज गेल्यासारखे झाले. ओढाताण फार वेळ चालली नाही. चाचाजींनी हात आधी पाण्यात भिजविला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो. मासा वर आला तो वीतभर लांब, रुपेरी, बारीक खवल्यांचा. अंगावर लाल ठिपके नव्हते. चाचाजींनी त्याला उलटा करून खालच्या बाजूचे तोंड दाखविले. “गुगली,” ते म्हणाले. “माखी पे कम आती है.” गळाचा काटा आधीच दाबून बोथट केलेला होता, तो सहज निघाला. त्यांनी मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. कल्ले दोनतीनदा हलले आणि हात रिकामा झाला.

त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी माशी फेकीत होतो. ट्राउट एकही लागला नाही. मंडीला परतलो तेव्हा मामांनी दारातच विचारले, “काय मिळाले?” मी म्हणालो, “एक गुगली.”

“मग आणलीस कुठे?” मामा म्हणाले.